वाळवणाची गच्ची आणि माझी अकरा कलमे

आज सकाळी पूजा आटोपून देव्हाऱ्यापुढून उठत होतो, तोच जिन्यातून शिजत्या चिकाचा वास वर आला. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून त्यांचे सत्त्व काढतात, ते निवळू देतात आणि मग हिंग-मीठ घालून मोठ्या पातेल्यात घोटतात. त्या वेळी उठणारा तो आंबूस, उष्ण, थोडासा दुधाळ वास. कुरडयांचा चीक. मुलुंडच्या आमच्या या चार मजली इमारतीत तो नऊ वर्षांनी दरवळत होता. वैशाख दरवर्षी येत होता. वास येत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा पाटावर बसलो आणि बराच वेळ नुसता समईकडे पाहत राहिलो.

त्या वेळच्या वैशाखाचे स्मरण करू लागलो की प्रथम पांढरा रंग डोळ्यांपुढे येतो. सबंध गच्चीभर अंथरलेली धोतरे. त्यांत माझीही होती. वापरून मऊ झालेली, काठ विरलेली. मी संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो तेव्हा माझ्याजवळ पुष्कळ धोतरे आणि पुष्कळ वेळ होता. धोतरांवर कुरडयांची वेटोळी, साबुदाण्याचे पापड, बटाट्याचा कीस, कोहळ्याचे सांडगे. पूर्वेला खाडीकडून ऊन यायचे, टाकीची सावली हळूहळू सरकायची आणि सावलीपुढे धोतरे सरकायची. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसायचो. जप थोडा आणि ऐकणे फार, असा तो प्रकार होता.

‘अगं सुनंदा, कबुतरं! वाट लागली माझ्या पापडांची!’

‘घाबरू नका वहिनी, एकदा चाखले की परत नाही यायची ती.’

‘बघा आप्पा, कशी बोलते ती! माझ्याच गच्चीवर बसून!’

ही गच्ची खरोखरच नलिनीवहिनींची होती, म्हणजे वाळवण तिथे प्रथम त्यांनी घातले. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. एका वर्षी मागच्या इमारतीतल्या सुनंदाताईंनी येऊन विचारले, ‘वहिनी, एक कोपरा मिळेल का? आमच्या बिल्डिंगला टॉवरची सावली आली.’ सुनंदाताई मूळच्या जळगावकडच्या. रक्त तपासण्याच्या एका लॅबमध्ये दुपारच्या पाळीला कामाला होत्या, त्यामुळे सकाळ त्यांची मोकळी. त्यांनी ज्वारीची बिबडी, म्हणजे त्यांच्याकडचे पापड, आणली. वहिनींना ती माहीतच नव्हती. वहिनींनी उपवासाचे पापड शिकवले, सुनंदाताईंनी बिबडी शिकवली. पुढच्या वर्षी पाच जणी झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तीन इमारतींच्या गच्च्या भरल्या, आणि चौथ्या वर्षी नाहूरपासून भांडुपपर्यंतच्या बायका आमच्या कुरडयांची चौकशी करू लागल्या.

हे सगळे कोणी ठरवले, असे आज विचारले तर उत्तर नाही. कोणीच ठरवले नाही. काही पद्धती आपोआप पडल्या होत्या. जी खाली जाईल तिने जाता जाता सर्वांचे पापड उलटायचे. जी वर येईल तिने आधी टाकीची सावली पाहायची. जिच्याकडे चीक उरेल तिने शेजारच्या गच्चीवर निरोप द्यायचा. निरोपांसाठी सुनंदाताईंनी फोनवर एक गट केला होता. त्याचे नाव होते ‘ऊन आलं का?’ कोणत्या गच्चीवर किती वाजेपर्यंत ऊन राहते, हे त्या एकट्या बाईला पाठ होते. लॅबमध्ये गेल्यावरही डोंगराकडे ढग दिसले की त्या तिथून लिहायच्या: ‘उचला गं.’ आणि पाच मिनिटांत सगळ्या गच्च्या रिकाम्या.

माझी नात मुक्ता पवईच्या एका संस्थेत संशोधन करते. तिच्या विषयाला ती जटिलतेचे विज्ञान म्हणते. नुकत्याच सरलेल्या चैत्रात एका रविवारी ती आली होती. संध्याकाळी आम्ही दोघे गच्चीवर गेलो. कठड्यावरून मुंग्यांची एक लांब ओळ चालली होती.

‘आजोबा, यांना वाट कोणी सांगितली?’

‘त्यांच्या राणीने सांगितली असेल.’

‘राणी फक्त अंडी घालते हो. ती काय सोसायटीची सेक्रेटरी आहे?’

मग ती कठड्यापाशी वाकून मला समजावू लागली. एकाही मुंगीला सबंध वाट ठाऊक नसते. प्रत्येकीला पुढचीच्या वासापुरते ठाऊक. ज्या वाटेने दोन अधिक गेल्या तिचा वास अधिक, म्हणून तिने आणखी चौघी जातात. वाढ वाढीला जन्म देते. झाडाच्या फांद्या, शहरांचे रस्ते, बाजार, फोनची जाळी, सगळ्यांत हेच दिसते, असे ती म्हणाली. नवे तंत्रज्ञानसुद्धा बहुधा आकाशातून पडत नाही. जुन्याच दोन-चार वस्तूंची आधी कधी न झालेली गाठ पडते आणि नवे काही जन्मते. ‘तुमचं धोतर, वहिनीआजीचा सोऱ्या आणि सुनंदामावशीचा ग्रुप,’ ती हसून म्हणाली. ‘तीन जुन्या गोष्टी. एकत्र आल्यावर काय झालं पाहा ना!’

मी शिकलो त्या शास्त्रात नैयायिकांचे एक मत आहे: अवयवी हा अवयवांची बेरीज नव्हे, धाग्यांपासून वस्त्र होते, पण वस्त्र म्हणजे धाग्यांची रास नव्हे. ऐन तारुण्यात मी हे गुरुजींपुढे तासन् तास मांडले होते. ते मत प्रत्यक्ष वाढताना पाहायला मला माझ्याच इमारतीची गच्ची मिळाली होती. आणि मी त्या वस्त्राचे काय केले, हे त्या संध्याकाळी मुक्ताला ठाऊक नव्हते.

‘मी व्याख्यानात नेहमी या गच्चीचंच उदाहरण देते,’ ती पुढे म्हणाली. ‘कसं वाढलं ते, आणि कसं एका वर्षात कोसळलं तेही. अशा जाळ्यातून इकडचे-तिकडचे दहा जण गेले तरी ते टिकतं. पण जिच्यातून सगळे धागे जातात ती एकच गेली, की संपलं. सुनंदामावशी नोकरीमुळे सोडून गेली ना?’

‘हो,’ मी म्हणालो.

गच्चीवर वारा चांगला होता. मुंग्या चालत होत्या. आयुष्यभर सत्याचे श्लोक शिकवलेल्या माणसाने आपल्या नातीला एका अक्षरात फसवले आणि वर तिला म्हणाला, चल, दिवेलागण झाली.

घडले होते ते असे. पाचव्या वर्षी, चातुर्मासासाठी म्हणून, कुठल्याशा मंडळातल्या एका बाईंनी उपवासाच्या पदार्थांची मोठी मागणी नोंदवली आणि नलिनीवहिनींना फोनवर विचारले, ‘सगळं सोवळ्यातलं आहे ना हो?’ वहिनी गोंधळल्या. त्या माझ्याकडे आल्या. ‘आप्पा, तुम्हीच सांगा काय कळवू. तुम्हाला शास्त्र माहीत.’

मला एवढेच म्हणता आले असते की कळवा, स्वच्छ आहे आणि मनापासून केलेले आहे. मी तसे म्हणालो नाही. मला विचारले गेले, याचाच मला आनंद झाला होता. मी दोन दिवस बसून एक नियमावली तयार केली. अकरा कलमांची. अक्षर सुरेख, भाषा सुघटित. निरोप कोणी कोणाला द्यावा, धोतरे कोणत्या क्रमाने घालावीत, सर्व सूचना प्रथम माझ्याकडे याव्यात आणि मग मी त्या सर्वांना कळवाव्यात. जे चार वर्षे विनाआज्ञा सुरळीत चालले होते, त्याला मी आज्ञा पुरवल्या.

आणि सातवे कलम. सुनंदाताई बौद्ध होत्या. कच्च्या कागदावर मी जे पहिले वाक्य लिहिले, त्यात जातीचा उल्लेख सरळ होता. तो मला खटकला. अन्याय म्हणून खटकला असे मी आज म्हणू शकत नाही. तो मला असभ्य वाटला. मी तो खोडला आणि लिहिले: ‘उपवासाचे पदार्थ पूर्वापार सोवळे पाळणाऱ्या घरांतील स्त्रियांनीच, स्वतंत्र जागी करावेत.’ हे वाक्य मी दोनदा मोठ्याने वाचून पाहिले. त्यात कोणाचे नाव नव्हते, कोणाला कठोर शब्द नव्हता. मला त्याचे समाधान वाटले. शब्दांवर केलेली पन्नास वर्षांची मेहनत त्या दिवशी माझ्या अशा कामी आली.

याहून वाईट गोष्ट सांगायची राहिली आहे. त्याआधीची तीन वर्षे माझ्या एकादशीच्या ताटातले पापड सुनंदाताईंच्या हातचे असत. मला ते ठाऊक होते. मी ते आवडीने खाल्ले, माझा एकही उपवास मोडला नाही आणि देवापुढे बसताना माझे मन कधी कचरले नाही. म्हणजे ते कलम माझ्या श्रद्धेनेही लिहिलेले नव्हते. एका अनोळखी बाईने फोनवर विचारलेल्या प्रश्नापुढे मी मान तुकवली होती.

अक्षय्यतृतीयेला सकाळी गच्चीवर मी तो कागद वाचला. वीस-बावीस जणी होत्या. सुनंदाताई धोतराशी बसून सोऱ्या फिरवत होत्या. सातवे कलम झाले तेव्हा त्यांचा हात थांबला नाही. सोऱ्यात होता तेवढा चीक त्यांनी शेवटच्या वेटोळ्यापर्यंत घातला, नळाखाली हात धुतले आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, ‘येते आप्पा. शिफ्ट आहे.’ त्यांची पाळी बारा वाजता सुरू व्हायची. तेव्हा नऊ वाजले होते. हे मला ठाऊक होते आणि तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होते. मी म्हणालो, ‘बरं, या.’ आणि आठवे कलम वाचले.

त्या संध्याकाळी त्या फोनवरच्या गटातून बाहेर पडल्या. कोणी काही लिहिले नाही. पुढे आठवड्याभरात एका दुपारी वळवाची सर आली. चौथ्या कलमानुसार ढगांची सूचना मी द्यायची होती. मी जपाला बसलो होतो. चार गच्च्यांवरचे वाळवण भिजून लगदा झाले. ‘सांगायचं कोणी होतं?’ यावरून बायकांची भांडणे झाली, ‘तू का नाही उचललंस?’ ‘तुझं मी का उचलू? कलम वाच ना!’ असे बोलणे झाले. एकमेकींचे पापड उलटणे थांबले. पुढच्या वैशाखात दोघी आल्या. त्याच्या पुढच्या वैशाखात कोणी नाही. सुनंदाताई तोवर दहिसरला राहायला गेल्या होत्या.

मुक्ताशी खोटे बोलल्यावर तीन रात्री मला धड झोप लागली नाही. चौथ्या दिवशी मी तिला बोलावून सर्व सांगितले, सातव्या कलमाच्या खोडाखोडीसह. तिने सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, ‘आजोबा, एका कागदानं एवढं मोडत नाही हो. कुठेतरी आधीच ताण असणार. अशा गोष्टींत एकच कारण शोधत बसणं हीच खरं तर चूक असते. कंपन्यांचंही असंच होतं. वाढल्या की कामापेक्षा नियमच वाढत जातात. तुम्ही नसता तर दुसऱ्या कोणी ते केलं असतं.’

ती शास्त्र सांगत होती आणि आजोबांवर मायाही करत होती. तिचे शब्द मला फार गोड लागले. दोन दिवस मी ते मनात घोळवले. वाढ कोणा एकाची नसते, तशी पडझडही कोणा एकाची नसते. किती शांत करणारा विचार! तिसऱ्या दिवशी पहाटे स्नान करताना लक्षात आले की मी काहीही न करता माझे प्रायश्चित्त उरकून घेतले आहे. गच्ची कशी कोसळली, हे मुक्ताचे शास्त्र सांगते आणि ते खरे आहे. पण ‘शिफ्ट आहे’ म्हणणाऱ्या बाईला ‘बरं, या’ असे कोण म्हणाले, हा प्रश्न त्या शास्त्राचा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी जाळ्याचा अभ्यास लागत नाही.

मी नलिनीवहिनींकडे गेलो आणि सुनंदाताईंचा पत्ता विचारला. ‘दहिसर. नदीच्या पुलाजवळची नवी बिल्डिंग, सातवा मजला,’ त्या लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच, की मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांनी मान फिरवली आणि पोळपाट पुसू लागल्या.

मुक्ताने मला गाडीतून नेले आणि ती खाली थांबली. दार सुनंदाताईंनीच उघडले. केस पुष्कळ पिकले होते. मागे खोलीत बिबड्यांचे दोन मोठे डबे, आणि तीन बायका पिशव्या भरत बसलेल्या.

‘आप्पा! अहो, एकटेच आलात? या, या. चहा घेणार ना? आमच्याकडचा चालेल का?’

शेवटचा प्रश्न त्यांनी हसतच विचारला. तो मला जिथे लागायचा तिथे लागला.

‘चालेल,’ मी म्हणालो. ‘तेव्हाही चालत होता. तेच सांगायला आलो आहे.’

मग मी बोलू लागलो. मी मनाशी सर्व रचून आणले होते. माझ्या हातून घडलेला प्रमाद, त्याचे उत्तरदायित्व, अंतःकरणपूर्वक क्षमायाचना. दोन वाक्ये झाली असतील.

‘आप्पा,’ त्या म्हणाल्या, ‘हे पण लिहून आणलंय का?’

माझा हात नकळत सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात खरोखरच कागद होता. पिशव्या भरणाऱ्या बायकांपैकी एक फिस्सकन हसली. मी कागद बाहेर काढला नाही.

‘मी ते वाक्य मुद्दाम लिहिलं,’ मी म्हणालो. ‘तुम्ही त्यात बसणार नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही जाल हेही माहीत होतं.’

त्यांनी चहा गाळायला घेतला. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत होतं. त्याचं काही नाही. लॅबमध्ये, बिल्डिंगमध्ये, असले कागद मी कितीतरी पाहिले. पण त्या दिवशी बावीस जणी होत्या वर. माझ्या हातचं खाणाऱ्या. एकीनं म्हणायचं होतं, सुनंदा, बस. तेवढ्यासाठी मी सोऱ्या संपेपर्यंत थांबले होते.’

‘दोष माझा होता. मी एकट्याने...’

‘एकट्यानं, एकट्यानं करू नका हो. तुम्ही एकटे एवढे मोठे नाहीत.’ चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, ‘आणि मला इथे बंद दाराआड सांगून काय होणार? कागद गच्चीवर वाचलात ना? मग हे पण तिथे बोला. सगळ्यांसमोर. माफीचं नंतर बघू.’

मी चहा प्यालो. त्यांनी बिबडी भाजून दिली, तीही खाल्ली. निरोप घेताना त्या दारापर्यंत आल्या, पण पुन्हा या, असे म्हणाल्या नाहीत.

याला आज पंधरवडा झाला. हा पंधरवडा मी स्वतःला समजावत होतो की गच्ची रिकामी आहे, तिथे सांगायचे तरी कोणाला? आणि आज जिन्यातून चिकाचा वास आला. समईपुढे बसल्या बसल्या मला कळले की मी देवाची नव्हे, आणखी एखाद्या सबबीची वाट पाहतो आहे. मी उठलो.

वर सात जणी होत्या. नलिनीवहिनी, त्यांची सून, जुन्यांपैकी तिघी, दोन अनोळखी तरुण मुली. पातेल्यातून वाफ येत होती. एकच धोतर अंथरलेले. ‘या आप्पा,’ वहिनी म्हणाल्या, ‘बघा, नव्यानं सुरू केलंय. या पोरींना फोनवर व्हिडिओ बघून कुरडया करायच्या होत्या. म्हटलं, व्हिडिओ कशाला, मी आहे की अजून!’

मी खुर्चीवर बसलो नाही. कठडा धरून उभा राहिलो आणि कागदाशिवाय बोललो. सातवे कलम मी कोणासाठी लिहिले होते, ते सांगितले. आधी काय लिहिले होते आणि ते कसे खोडले, ते सांगितले. सुनंदाताईंच्या हातचे पापड मी एकादशीला खात होतो आणि तरीही ते कलम लिहिले, हेही सांगितले. माझे संस्कृत कुठेतरी खालीच राहिले होते. वाक्ये लहान लहान येत होती आणि मधेच तुटत होती. दहिसरला गेलो होतो, हे सांगितले. सुनंदाताई बावीस जणींविषयी जे म्हणाल्या, ते सांगावे की नाही हे क्षणभर ठरेना. ते वाक्य माझे नव्हते. पण ते माझ्याजवळ ठेवून घेण्याचाही मला अधिकार नव्हता. मी सांगितले.

त्या अनोळखी मुलींपैकी एकीने सोऱ्या खाली ठेवला.

‘आम्हालाही माहीत होतं, आप्पा,’ नलिनीवहिनी म्हणाल्या. ‘नऊ वाजले होते. मी घड्याळ बघितलं होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, बस गं म्हणून. मग वाटलं, एवढी मोठी ऑर्डर, आणि तुम्ही शास्त्र जाणणारे... प्रत्येक वैशाखात फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.’

जुन्या तिघींपैकी एक पदराने डोळे पुसत होती. दुसरी, ‘मी तर तिच्या शेजारीच बसले होते गं,’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

‘वहिनी, मी त्यांना पुन्हा भेटतो,’ मी म्हणालो. ‘तुमच्या सगळ्यांच्या वतीने त्यांना सांगतो की...’

‘नाही,’ वहिनी एकदम म्हणाल्या. ‘तुम्ही तुमचं सांगितलंत ना? झालं. आता आमचं आम्ही बोलू. तुम्ही मध्ये यायचं नाही.’

त्यांनी चिकाचे हात पदरालाच पुसले, कमरेचा फोन काढला आणि टाकीच्या पलीकडे गेल्या. बाकीच्या सहा जणी एकेक करून उठल्या आणि त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. तिकडे दहिसरला घंटी वाजत असावी. पुष्कळ वेळ वाजत असावी. मग वहिनी म्हणाल्या, ‘सुनंदा? मी बोलतेय गं...’

पुढे त्या काय बोलल्या, ते मी ऐकले नाही. मी जिना उतरू लागलो होतो.